टेबलाशेजारी तेच, कुंपणापलीकडेही तेच

आमच्या भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. कारखान्यासोबत सेक्टर वसले. त्यामुळे दिवसा शेजारच्या टेबलावर असतात, त्याच बायका संध्याकाळी कुंपणापलीकडे!

मुलगी सासर सोडून आली, तेव्हा ऑफिसात सुरू झालं, ‘दीदी, दामादजी नहीं आये?’ मी एकीला सांगितलं, बदली झालीय. दुसरीला म्हटलं, परदेशी गेलेत. दोघी डबा एकत्र खातात, हे विसरलेच.

बरं, तोडून तरी कसं बोलणार? ह्यांना रात्री सेक्टर ९ च्या हॉस्पिटलात नेलं ते याच लोकांनी.

आता थापा बंद. परवा पुन्हा विचारलं, तर सरळ म्हटलं, ‘ते तिचं आहे, मी नाही बोलणार. तुमचा गुडघा कसा आहे?’

मग अर्धा तास गुडघाच चालला.