आडवी बाटली आणि बाहेरचा पैसा
(डाळज येथील युवकांच्या बैठकीतील भाषण)



दोस्तांनो, गावातलं दारूचं दुकान बंद करायचं का, हे महाराष्ट्रात बायका मतपेटीतून ठरवू शकतात. २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली, की दुकान बंद. इथे ना उमेदवार, ना पक्ष. मग प्रचाराला पैसा कुठून आला, हे विचारायचं कुणाला?

२०१० चा परकीय योगदान कायदा, म्हणजे एफसीआरए, उमेदवार, आमदार-खासदार आणि पक्षांना परदेशी पैसा घेऊ देत नाही. गावच्या अशा मतदानाचा त्या यादीत उल्लेख नाही. अमेरिकेतही हीच फट निघाली. मेन राज्यात वीजवाहिनीवरच्या मतदानात कॅनडातल्या क्वेबेक सरकारच्या कंपनीने कोट्यवधी डॉलर ओतले. शेवटी २०२३ मध्ये लोकांनीच मतदान करून परकीय सरकारांचा असा पैसा बंद करायचं ठरवलं. बाजूने ८६ टक्के मतं पडली.

आपल्याकडे 'परदेशी पैसा' म्हटलं की बोट आधी मुसलमानांकडे वळतं. कायदा काय म्हणतो? दुबईत राबणारे, भारतीय पासपोर्ट असलेले तुमचे मामू स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवतात, ते परकीय योगदान नाही. उलट, निम्म्याहून जास्त भांडवल परदेशी असलेली इथली कंपनी पूर्वी 'परकीय' धरली जायची. २०१६ च्या दुरुस्तीने, गुंतवणुकीच्या मर्यादेत असेल तर तिला त्यातून वगळलं. २०१८ मध्ये ती सूट थेट १९७६ पासून लागू केली. म्हणजे संशय मामूंवर आणि सवलत कंपनीला!

म्हणून बंदीला घाबरू नका, बंदी मागा. पण माप एकच हवं: परदेशी सरकार, परदेशी कंपनी आणि तिची इथली शाखा, सगळ्यांना. शिवाय प्रचारातला रुपया न् रुपया ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे.

सुरुवात आपण करू. उद्या डाळजमध्ये आडव्या बाटलीचा प्रचार करायची वेळ आली, तर पावतीशिवाय वर्गणी घ्यायची नाही. हिशेब मशिदीबाहेरही लावायचा आणि चावडीवरही. मग दुकानाच्या बाजूने प्रचार करणाऱ्यांकडे तसाच हिशेब मागायला आपली जीभ अडखळणार नाही.