झाकण उघडून बघू या
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



'स्त्रिया आणि तंत्रज्ञान' या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं. मी एकाच यंत्राबद्दल बोलणार आहे. गॅसवर कपडे वाळवणारा ड्रायर. तुमच्यापैकी बहुतेकींनी तो पाहिला नसेल. आपल्याकडे काठीने साडी दोरीवर टाकली की काम झालं. मी बरीच वर्षं न्यू जर्सीत राहते. तिथे हिवाळ्यात कपडे बाहेर वाळत नाहीत, आणि उन्हाळ्यातही कित्येक वसाहती दोरी बांधू देत नाहीत. वाळत घातलेले कपडे दिसले की म्हणे घरांच्या किमती उतरतात! कॅलिफोर्नियात तर भाडेकरूंना आणि अशा वसाहतींतल्या रहिवाशांना दोरी बांधता यावी म्हणून २०१५ साली कायदा करावा लागला.

तर हा ड्रायर बंद पडला की कुणाचं काम अडतं? अर्थातच बाईचं. नवऱ्याच्या व्हिसावर तिथे गेलेल्या बायकांना वर्षानुवर्षं नोकरीची परवानगीच नव्हती. २०१५ पासून त्यांतल्या काही जणींना ती मिळू लागली. हातात स्वतःचा पैसा नाही, गाडी चालवता येत नाही, लहान मूल आहे आणि समोर ओल्या कपड्यांचा ढीग. वर 'तूच काहीतरी भलतं बटण दाबलं असशील' हे ऐकायचं. दुरुस्तीवाला येतो तो 'मिस्टर कधी घरी असतात?' असं विचारतो. माझ्याकडे आलेल्या एकाने पाच मिनिटांत निकाल दिला, "मशीन जुनं झालंय, नवीन घ्या." प्रत्यक्षात दोन लहान कॉइल गेल्या होत्या.

रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक लिहिलं. घरात यंत्रं आली तरी बाईचं काम कमी झालं नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की यंत्र वापरायचं बाईने, पण त्याचं झाकण उघडायचं पुरुषाने, ही वाटणी आपण मुकाट्याने मान्य केली आहे.

आता झाकणाच्या आत काय असतं ते बघू. एक मोटर. तिच्या पट्ट्यावर ड्रम फिरतो आणि तीच पंखाही फिरवते. खाली गॅसचा बर्नर. आपल्या शेगडीला आपण लायटर लावतो, इथे ते काम इग्नायटर करतो. हा विजेने लालभडक तापणारा एक ठिसूळ तुकडा असतो. तो पुरेसा तापला की शेजारच्या सेन्सरला ती धग कळते, मग कॉइल गॅसचा व्हॉल्व्ह उघडतात आणि ज्योत पेटते. एकानंतर एक, ठरलेल्या क्रमाने. म्हणून बिघाडही क्रमानेच शोधायचा.

ड्रम फिरतो पण कपडे गार राहतात, ही नेहमीची तक्रार. बऱ्याच जुन्या मशीनना पुढे खालच्या बाजूला एक पत्रा असतो. तो काढून, मशीन चालू करून, हात आत न घालता नुसतं बघायचं. इग्नायटर लाल होतच नाही? मग तो तुटला असेल, किंवा सेन्सर वा थर्मल फ्यूज गेला असेल. लाल होतो, विझतो, पुन्हा लाल होतो, पण ज्योत नाही? आधी गॅसचा कॉक उघडा आहे ना ते बघा. तो उघडा असेल तर बहुधा कॉइल. लालच राहतो आणि गॅस येत नाही? मग सेन्सर. पहिल्यांदा ज्योत येते आणि मशीन तापल्यावर येईनाशी होते? पुन्हा कॉइलवरच संशय घ्यायचा, कारण झिजलेल्या कॉइल तापल्या की दगा देतात. हे चार प्रश्न विचारता आले की दुरुस्तीवाल्याशी बोलण्याची रीतच बदलते.

कॉइल बदलायला गॅसची नळी सोडावी लागत नाही. त्या व्हॉल्व्हच्या वर बसवलेल्या असतात. मात्र आधी प्लग काढायचा, कॉक बंद करायचा. इग्नायटरच्या तापणाऱ्या भागाला बोट लावायचं नाही. आणि काही गोष्टी आपण करायच्याच नाहीत. व्हॉल्व्ह उघडायचा नाही, गॅसची नळी जोडायची नाही. वास आला तर कुठलंही बटण न दाबता मुलांना घेऊन बाहेर पडायचं आणि बाहेरून गॅस कंपनीला फोन करायचा. हे भित्रेपण नाही, ही माहितीच आहे.

फ्यूज उडाला असेल तर नुसता नवा बसवून भागत नाही. तो का उडाला? बहुतेक वेळा गरम हवा बाहेर नेणारा पाइप कपड्यांच्या भुश्याने तुंबलेला असतो. तो भुसा पेटतो. अमेरिकी अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार २००८ ते २०१० या काळात तिथल्या घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागल्या, आणि सर्वांत मोठं कारण होतं सफाई न करणं. गॅसच्या ड्रायरचा पाइप तुंबला वा सुटला तर कार्बन मोनॉक्साइड घरातच साठू शकतो. त्याला वास नसतो. म्हणून दर खेपेला जाळी साफ करायची, वरचेवर पाइपही. प्लास्टिकचा पाइप असेल तर काढून धातूचा बसवायचा. हे काम कुठल्याच दुरुस्तीवाल्याच्या बिलात येत नाही, पण घर वाचतं ते यानेच.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ड्रायर नाही, याचं आम्ही काय करू? पण मिक्सर आहे, शेगडी आहे, शिलाई मशीन आहे, गावात पाण्याचा पंप आहे. ते बंद पडले की काम कुणाचं थांबतं ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या बैठकींत आपण कायदा शिकतो, आरोग्य शिकतो. वर्षातून निदान चार बैठकींत मध्ये एक बंद पडलेलं यंत्र ठेवू या, शेजारी स्क्रू-ड्रायव्हर आणि मल्टीमीटर. वीज कशी तोडायची ते आधी शिकू या. ज्यांना येतं त्यांनी दाखवावं, आणि दाखवताना हत्यार दुसरीच्या हातात द्यावं. पुढच्या बैठकीला कोण काय आणणार, हे आज उठायच्या आधी ठरवू या.