फलाटावरचं एकटं मूल
(मलकापूर, जि. बुलडाणा येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



काही वर्षांपूर्वी इथल्याच रेल्वे स्टेशनवर मला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा भेटला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, बोली आपल्याकडची नाही. "भूख लगी है," एवढंच म्हणाला. मी समोसे घेऊन दिले आणि माझ्या गाडीत बसलो. कुठून आलास, सोबत कोण आहे, हे विचारलंच नाही. ते आजही मनाला टोचतं.

आज रोहिंग्या मुलं आई-बापांशिवाय होडीतून समुद्र ओलांडतात, अफगाण मुलं डोंगरवाटांनी इराण-तुर्कस्तान गाठतात. आपल्याला हे लांबचं वाटतं. पण अशी मुलं आपल्या महाराष्ट्रातही येऊन राहिली आहेत.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पोलंडमधल्या लाखो लोकांना सैबेरिया, कझाकस्तानात हाकललं. उपासमार आणि रोगराईत कितीतरी मुलं पोरकी झाली. १९४२ मध्ये त्यातली काही अश्गाबादहून ट्रकने इराणमधल्या मशहदमार्गे निघाली आणि पुढे रेल्वेने मुंबईला पोहोचली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला त्यांच्यासाठी छावणी उभारली. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलंही वळिवड्यालाच आली. देश तेव्हा गुलाम होता, बंगालमध्ये माणसं भुकेने मरत होती. तरीही या मुलांना इथे छप्पर मिळालं, शाळा मिळाली.

जकातीचे आठ हक्कदार आपण लहानपणीच पाठ केले. त्यात इब्नुस्सबील आहे, वाटेत अडकलेला मुसाफिर. पण दहा वर्षांच्या मुसाफिराला पैशाआधी माणूस लागतो.

भारताने १९५१ चा निर्वासित करार स्वीकारलेला नाही; बालहक्क करार मात्र १९९२ मध्ये स्वीकारला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. त्या व्याख्येत नागरिकत्वाची अट नाही, धर्माचीही नाही.

म्हणून एकटं मूल दिसलं तर थांबा. नाव विचारा, पाणी द्या, १०९८ ला फोन लावा. परस्पर घरी नेऊ नका. २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीसमोर हजर करावं लागतं. फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. आणि मदत येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहा.

माझी गाडी त्या दिवशी चुकली असती तर काय बिघडलं असतं? दुसरी मिळाली असती. तो मुलगा मला पुन्हा दिसला नाही.