एक कप्पा, एक तारीख

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला एकाच भाषणासाठी दोन विषय दिले आहेत. पहिला, थोडक्या खर्चात घरातील सामानाची आवराआवर. आणि दुसरा, कुटुंबाची आठवणीत राहणारी सहल. दोन्ही एकत्र का, असे मी विचारले. त्यावर, "दोन भाषणांना कार्यक्रमपत्रिकेत जागा नाही," असे सरळ उत्तर मिळाले. म्हणजे जागेचा प्रश्न मंडळालाही सुटलेला नाही, हे पाहून मला जरा धीर आला!

पण विचार करू लागल्यावर दिसले की हे दोन विषय सख्ख्या बहिणी आहेत. माळ्यावर आपण वस्तू चढवतो ती "कधीतरी लागेल" म्हणून. सहल पुढे ढकलतो ती "कधीतरी जाऊ" म्हणून. वस्तू लागत नाही आणि सहल घडत नाही. घरातली जागा आणि वर्षातले दिवस, दोन्ही या 'कधीतरी'ने अडवून ठेवलेले असतात. त्याला घराबाहेर कसे काढावे, एवढेच आज मला सांगायचे आहे.

आधी घराकडे वळू. आवरायचे मनात आले की आपली पहिली धाव बाजाराकडे असते. एकसारखे डबे, झाकणाच्या टोपल्या, कप्प्याकप्प्यांच्या पिशव्या. पुण्यात तर बोहरी आळी आणि तुळशीबाग हाकेच्या अंतरावर. पण भगिनींनो, अडगळ ठेवायला नवे डबे आणले तर अडगळीत डब्यांची भर पडते, दुसरे काही होत नाही. आधी रिकामे करावे, मग मोजावे, आणि अगदीच लागले तर शेवटी विकत घ्यावे. बहुधा लागत नाही. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, कॉफीच्या बाटल्या, चपलांची खोकी आणि जुन्या सुती साडीच्या शिवलेल्या पिशव्या एवढ्यावर निम्मे घर लावून होते.

दुसरी गोष्ट, सारे घर एका दिवसात काढू नये. दिवाळीच्या आधी आपण तसे करतो, दुपारपर्यंत कंबर धरते, आणि संध्याकाळी दिसेल ते दिसेल तिथे कोंबून दार लावून घेतो. त्यापेक्षा आठवड्याला एकच कप्पा घ्यावा. तासाभरात होईल एवढाच. त्यातल्या वस्तूंचे चार ढीग करावे: रोज लागणाऱ्या, सणावारी लागणाऱ्या, दुसऱ्याला देण्याजोग्या आणि रद्दी-भंगाराच्या. रोजच्या वस्तू कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत ठेवाव्या. जड वस्तू खाली ठेवाव्या. माळ्यावर हलके तेवढेच. साठी उलटलेल्या बाईने पितळी पातेल्यासाठी स्टुलावर चढावे, इतके कोणतेही पातेले मोलाचे नाही. माळ्यावर काय काय आहे त्याची यादी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी. ही यादी नसते म्हणून घरात तीन किसण्या आणि दोन पुरणयंत्रे निघतात.

देण्याच्या ढिगाविषयी एक इशारा. आपल्याकडे बोहारीण येते, जुने कपडे घेते आणि भांडे देते. व्यवहार चोख असतो, तिच्याही पोटाचा प्रश्न सुटतो. पण सहा साड्या देऊन स्टीलचे आणखी एक पातेले घेतले आणि ते माळ्यावर चढवले, तर आपण काय साधले? भांडे घ्यायचेच असेल तर जे रोज हातात येईल तेच घ्यावे. जुने मोबाईल, तारा आणि बॅटऱ्या मात्र रद्दीत किंवा कचऱ्यात टाकू नयेत. त्यांतले धातू आणि रसायने मातीला व पाण्याला अपायकारक असतात. त्या ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावरच द्याव्या. औषधांच्या डब्यातील मुदत संपलेल्या गोळ्याही त्याच दिवशी बाजूला काढाव्या.

धान्याचे गणित आता बदलले आहे. आपल्या आज्या वर्षाचे गहू भरत, कारण घरात खाणारी माणसे पंधरा होती. गव्हाला कडक ऊन द्यायचे, कडुलिंबाचा वाळलेला पाला मिसळायचा, तूरडाळीला एरंडेल चोळायचे, या रीती आजही खऱ्या आहेत. पण चौघांच्या घरात दोन महिन्यांपुरतेच धान्य भरले तर किडीचा त्रास कमी आणि एक अख्खी फळी मोकळी. रवा कोरडा भाजून गार करून ठेवला तर टिकतो. रेशमी साड्या मऊ सुती कापडात गुंडाळाव्या, दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून उलटी घालावी, म्हणजे जर एकाच रेषेवर तुटत नाही. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत, आणि मुलांच्या हाती तर मुळीच लागू देऊ नयेत. त्या विषारी असतात.

आता नाजूक भाग. सासूबाईंची पितळी परात, वडिलांची टपालाची पेटी, मुलाचा पहिला स्वेटर यांचे काय करावे? असल्या वस्तू भंगारात घाला असे सांगायला माझी जीभ धजत नाही. मात्र आठवण म्हणून ठेवलेली वस्तू अंधारात पोत्यात बांधून ठेवली, तर आठवणीचा मान राहत नाही. दहा भांड्यांतले एक निवडावे, ते घासून-पुसून वापरात आणावे. परातीत कणीक भिजवताना सासूबाई जेवढ्या आठवतील, तेवढ्या माळ्यावरच्या पोत्याने आठवणार नाहीत. आणि एक पथ्य सर्वांनी पाळावे: दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्यावाचून टाकू नये. यजमानांची जुनी मासिके आपल्याला रद्दी वाटतात. आपले लोकरीचे गुंडे त्यांना काय वाटतात हे आपण कुठे विचारतो?

येथवर घर झाले. आता वर्षाकडे वळते.

एक साधा हिशेब मांडा. समजा, घरात सहा आणि नऊ वर्षांची दोन मुले आहेत. थोरली दहावीला जाईपर्यंत हातात साधारण सहा वर्षे. मग शिकवण्या, परीक्षा, वसतिगृह, नोकरीचे गाव. वर्षाला एक मोठी सहल धरली तर सगळे मिळून निवांत जाऊ अशा सहाच सहली उरल्या. त्यांतल्या पहिल्या दोन-तीनच सहलींत आजीचे गुडघे साथ देतील. संख्या लहान आहे, म्हणूनच सांगते. पैसे साठवून ठेवता येतात. मुलांचे हे वय कोणत्याच डब्यात साठवता येत नाही.

म्हणून सहलीचे ठिकाण नंतर ठरवावे, तारीख आधी ठरवावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ती तारीख शाईने लिहावी. पेन्सिलीने लिहिलेली तारीख पहिल्या पाहुण्याबरोबर पुसली जाते. नंतर पैशाचा डबा. आवरताना रिकामा झालेला एखादा बिस्किटांचा डबा घ्या, रद्दीचे पैसे त्याच्यात टाकून मुहूर्त करा आणि दरमहा पाचशे रुपये ठेवा. वर्षाला सहा हजार होतात. त्यात काश्मीर होणार नाही, हे खरे. पण एक चांगली सहल नक्की होते.

तीही परवडत नसेल तर एका दिवसाची सहल पाहा. आपल्याला पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने मळवली स्टेशनावर उतरता येते. तेथून भाजे गावातली लेणी चालण्याच्या अंतरावर आहेत. चैत्यगृहाचे आत झुकलेले खांब आणि कोरलेले चौदा स्तूप मुलांना मोजायला लावा. मार्गाच्या दुसऱ्या अंगाला, रिक्षाने जाण्याजोगे, कार्ल्याचे लेणे. तेथील चैत्यगृह आपल्या देशातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह आहे, लांबी सुमारे १२४ फूट. छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या! वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने ते पूर्ण केल्याचे तेथेच कोरलेले आहे. निरनिराळ्या खांबांवर निरनिराळ्या दात्यांची नावे आहेत. म्हणजे एवढे मोठे कामही वर्गणीनेच उभे राहिले, हे आपल्या मंडळाने ध्यानात धरण्यासारखे आहे. शेजारीच एकवीरेचे देऊळ आहे, म्हणून चैत्री यात्रेच्या गर्दीचे दिवस टाळावे. पायऱ्या बऱ्याच आहेत, आजींना सावकाश न्यावे. दुपारी लोकल कमी असतात, परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी.

लांब जायचे असेल तर काही गोष्टी माहीत असाव्या. मार्च २०२३ पासून राज्याच्या एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास मोफत आहे. आजी, आई आणि लेक निघाल्या की खर्च किती उतरतो पाहा. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते. पूर्वीचे एकशेवीस दिवस मनात धरून बसू नये. रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली गेली, तेव्हा हिशेबात ती धरू नये. पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. अजिंठा-वेरूळला जाणाऱ्यांनी एवढे पाठ करावे: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. ओळखपत्रे, आरोग्यविम्याचा कागद आणि औषधांची चिठ्ठी यांची एकच फाईल असावी. ज्या घरात कागदांचा कप्पा लावलेला असतो, त्या घरात निघण्याच्या आदल्या रात्री भांडण होत नाही.

सहल आठवणीत राहते ती पाहिलेल्या ठिकाणांच्या संख्येमुळे नव्हे. दिवसाला एकच मोठे ठिकाण ठेवावे आणि बाकीचा वेळ रिकामा असू द्यावा. प्रत्येकाला एक काम द्यावे. एक मूल खजिनदार, दुसरे वाटाड्या, आजोबांकडे इतिहास. ज्याची पिशवी त्याने भरावी आणि त्यानेच उचलावी. पिशव्या आपोआप हलक्या होतात. रोज रात्री एका वहीत प्रत्येकाने चार ओळी लिहाव्या. फोनमध्ये तीनशे छायाचित्रे पडून राहतात, ती डिजिटल माळ्यावर गेली म्हणायची. त्यांतली दहा छापून वहीत चिकटवावी.

आता मुख्य गोष्ट. सहल घरातल्या सर्वांची, पण घरातली बाई बहुधा स्वयंपाकघर पिशवीत घालून निघते. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत पुऱ्या, पहाटे चहाचा थर्मास, गाडीत वाढणे, परतल्यावर कपड्यांचा डोंगर. फोटो काढणारी तीच, म्हणून फोटोत ती नसते. मैत्रिणींनो, दुधात भिजवलेल्या दशम्या आणि कोरडी चटणी आदल्या संध्याकाळी होऊ शकते, आणि दशम्या लाटायला हात दुसऱ्या कोणाचेही चालतात. परतल्यावर पिशव्या त्याच संध्याकाळी, ज्याच्या त्याने रिकाम्या कराव्या. सहलीतले एक ठिकाण तरी तिने निवडलेले असावे. तिला काय पाहायचे आहे हे कोणी विचारलेले नसते, आणि विचारले तर पुष्कळदा तिलाही चटकन सांगता येत नाही. इतकी वर्षे तो प्रश्न माळ्यावरच पडून आहे. तो आधी खाली काढा.

मंडळालाही एक सुचवते. पुरणयंत्र, मोठी पातेली, चकलीचे सोरे, प्रवासाच्या मोठ्या बॅगा या वस्तू वर्षातून दोनदा लागतात आणि प्रत्येक घरात बाराही महिने जागा अडवतात. मंडळाच्या खोलीत एक कपाट ठेवून, नोंदवहीत सही करून त्या आपसात देता-घेता येतील. एका कपाटाने पन्नास घरांचे माळे हलके होतील.

थोडक्यात सांगायचे तर, जिला जागा नाही ती वस्तू घेऊ नये आणि जिला तारीख नाही ती सहल मनात धरू नये. आज घरी गेल्यावर दोनच कामे करा. एक कप्पा रिकामा करा आणि दिनदर्शिकेवर एक तारीख लिहा. पुढच्या वर्धापनदिनी आपण भेटू तेव्हा कप्प्याचे मी विचारणार नाही. सहलीची वही मात्र प्रत्येकीने बरोबर आणावी.