‘अनुभव किती?’

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शाळेत पंधरा ऑगस्टला एकदाच उभा राहिलो होतो आणि पहिल्या ओळीनंतर सगळं विसरलो होतो. म्हणून आज कागद आणलाय.

आयटीआयचं सर्टिफिकेट हातात आल्यावर मी सात महिने घरी बसून होतो. जाईल तिथे एकच प्रश्न, ‘अनुभव किती?’ शेवटी आपल्या सरांनी मला एस.टी.ने कुर्डुवाडीला नेलं. सर समोरच बसलेत, नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही. फ्रिजदुरुस्तीच्या दुकानदाराला ते एवढंच म्हणाले, ‘पोरगं माझं आहे. चुकलं तर मला सांगा.’ तिथून माझं सुरू झालं.

हे मी विसरलो, ते सांगायला आज उभा आहे.

तीन वर्षांपूर्वी जेऊरकडचा एक मुलगा माझ्या दुकानात आला. ट्रेड माझाच, रेफ्रिजरेशन. मी विचारलं, ‘अनुभव किती?’ तो म्हणाला, ‘काका, कुणी दिल्याशिवाय येणार कुठून?’ मला ते उद्धट वाटलं. परत पाठवला.

त्याच उन्हाळ्यात कंदरच्या बाजूला एका शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद पडला. कच्ची केळी तेरा-साडेतेरा अंशांवर ठेवावी लागतात. फार खाली गेलं तर साल काळवंडते, वर गेलं तर माल पिकायला लागतो आणि निर्यातीतून बाद होतो. मी दुसऱ्या कामात अडकलेलो. पुण्याहून माणूस येईपर्यंत व्हायचं ते झालं. आणि तो मुलगा? चाकणला ठेकेदाराकडे खोकी उचलत होता. हातात शीतगृहाचं शिक्षण, आणि काम खोकी उचलण्याचं!

आपण म्हणतो, करमाळ्यात काम नाही. दुष्काळी तालुका म्हणून आपण वाढलो, पण १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि पाणलोटाकाठचा पट्टा बदलला. आज तिथली केळी आखाती देशांत जातात. घड उतरवायचे, फण्या सोडवायच्या, धुवायच्या, वजन करून खोक्यात भरायच्या, गार करून कंटेनरमध्ये चढवायच्या. त्यात वीजवाला लागतो, मशीनवाला लागतो, हिशेबनीस लागतो. कामासाठी परप्रांतातून टोळ्या येतात आणि आपली पोरं जेऊर स्टेशनवरून पुण्याची गाडी धरतात.

पोरांना दोष देणं सोपं आहे. ‘आयटीआय करून केळी धुवायची का?’ असं ती म्हणतात, खरं आहे. पण आपणही कमी नाही. ‘शिकतोय ना अजून’ म्हणत दोन-दोन वर्षं वरखर्चावर राबवून घेणारे मालक या मंडपातही असतील. मी त्यातलाच होतो. मुलींचं तर आणखी वेगळं. आपल्या एका मैत्रिणीच्या दुकानात हुशार मुलगी होती, तिसऱ्या महिन्यात सोडून गेली. कारण काय, तर दुकान बंद व्हायच्या आधीच तिच्या गावची शेवटची एस.टी. निघून जायची. मैत्रिणीने तिची वेळ दहा ते पाच केली. मुलगी परत आली. एवढंच होतं ते!

सरकारी आधारही आहे. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तीत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तीस किंवा जास्त माणसं असतील तिथे शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, चार ते एकोणतीस असतील तर मालकाची मर्जी. माझ्याकडे मला धरून तिघंच. म्हणजे मी कुठेच बसत नाही, आणि करमाळ्याच्या पेठेतली निम्मी दुकानं माझ्यासारखीच. म्हणून योजनेची वाट बघत बसू नका.

मी गेल्या वर्षी एक मुलगा ठेवला. पहिल्या महिन्यापासून पगार, सहा महिन्यांनी लेखी अनुभवपत्र. दुसऱ्याच आठवड्यात त्याने एका हॉटेलच्या फ्रिजमधला गॅस घालवला. भुर्दंड मला पडला. रागावलो, पण कुर्डुवाडीच्या दुकानात मी काय काय जाळलं होतं ते आठवलं आणि गप्प बसलो. आता तो एकटा जाऊन काम करून येतो. चाकणच्या मुलालाही फोन केला होता. त्याने ऐकून घेतलं, ‘बघतो’ म्हणाला. अजून आलेला नाही. त्याने का यावं, हाही प्रश्न आहेच.

ज्यांचा धंदा आहे त्यांनी एकाला सहा महिने घ्या. पुण्या-मुंबईला असणाऱ्यांनी पोरांना तिकडे बोलवायच्या आधी इथल्या एखाद्या मालकाला फोन करून बघा. आणि सर, बाई, तुम्ही निवृत्त झालात तरी तुमचा शब्द या तालुक्यात अजून चालतो. एखाद्या पोराबरोबर दुकानापर्यंत चालत या, बाकी काही नको.

जेवणाच्या मंडपात टेबलावर दोनशे पानी वही ठेवलीय. कोणतं काम, किती पगार, कामाची वेळ आणि आपला मोबाइल नंबर लिहा. आणि वाचता येईल असं लिहा, बाईंनी आपल्या अक्षरावर फार मेहनत घेतली होती.