चिठ्ठी वाचणारे घर
(मांजर्ली येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी शाळामास्तर, डॉक्टर नव्हे. तरीही आज औषधांविषयी बोलणार आहे. कारण आमच्या घरावर जे संकट आले होते, ते खरे तर वाचनाचे संकट होते.

माझ्या अम्मीला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट ही गोळी दिली होती. या आजारात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर शरीरात रक्त तयार होणे मंदावते आणि प्रसंगी माणूस दगावतो. डॉक्टरांनी लिहिले होते बरोबर, पण अक्षर गिचमिड. दुकानदाराने "रोज एक" असे सांगितले आणि मी, बी. ए., बी. एड. झालेला माणूस, मान डोलावून घरी आलो. दुसऱ्या दिवशी आठवीतल्या पुतणीने चिठ्ठी उजेडात धरली आणि म्हणाली, "चाचा, हे डेली नाही, वीकली आहे." दोनच गोळ्या पोटात गेल्या होत्या, म्हणून निभावले.

अशा चुका टाळण्यासाठी २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने नियम केला, की औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयाने तर सुवाच्य चिठ्ठी मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

आता पुष्कळ दवाखान्यांत संगणकावर चिठ्ठी तयार होते. सरकारच्या ई-संजीवनी सेवेत घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला आणि छापील चिठ्ठी मिळते. याचा लाभ मोठा आहे. क्लोरप्रोमाझिन हे मानसिक विकारावरचे औषध आणि क्लोरप्रोपामाइड हे मधुमेहावरचे. घाईच्या अक्षरात दोन्ही सारखीच दिसतात, छापल्यावर वेगळी ओळखता येतात. चांगल्या यंत्रणेत पेनिसिलिन न सोसणाऱ्या रुग्णाची नोंद असेल, तर संगणक डॉक्टरांना वेळीच सावध करतो. दोन औषधांचे एकमेकांशी जमत नसेल, तेही दाखवतो.

परंतु यंत्राला सांगितले तेवढेच कळते. यादीतल्या शेजारच्या नावावर बोट पडले, तर चुकीचे औषधही तितक्याच सुबक अक्षरांत छापून येते. सूचना वारंवार येऊ लागल्या की त्या न वाचताच पुढे जाण्याची सवय लागते. शिवाय यंत्रणा बंदही पडते. जुलै २०२२ मध्ये राज्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली संगणक व्यवस्था थांबली आणि पुन्हा हातानेच लिहावे लागले.

आपल्यापैकी कुणी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात जातो, कुणी लोकलने जे. जे.ला, कुणी गल्लीतल्या डॉक्टरांकडे. तिन्हीकडची औषधे एकाच घरात येतात. पण एका डॉक्टरांना दुसऱ्याची चिठ्ठी दिसेलच असे नाही. ती दाखवणे हे आपले काम आहे. रमजानमध्ये रोजा ठेवणार असाल तर मधुमेहाच्या रुग्णाने ते आधीच सांगावे. काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर धोकादायक इतकी उतरते. हे संगणकाला आपोआप कसे कळणार?

म्हणून माझी विनंती अशी. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी एका वहीत ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. कोणते औषध सोसत नाही ते पहिल्या पानावर लिहा. दुकानातच पाकिटावरचे नाव चिठ्ठीशी ताडून पाहा. शंका आली तर विचारा. विचारण्यात अपमान नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, घरात इंग्रजी वाचणारे बहुधा तुम्हीच असता. आजीच्या गोळ्यांचे नाव, प्रमाण आणि वेळ मोठ्याने वाचून दाखवा. मुलीला शाळेत का पाठवायचे, असे कुणी विचारले, तर मी माझ्या पुतणीकडे बोट दाखवतो. तिच्या आठव्या इयत्तेने आमच्या घरातले एक माणूस राखले.