पऱ्हाटीचा कागद


झरी जामणीच्या शिवारात कापसाचा वेचा संपला की पऱ्हाटी उपटतात. थोडी चुलीत जाते, बरीच धुऱ्यावरच जळते. त्या जाळात कागदाचा तंतूही जळतो. पऱ्हाटीचे तुकडे कॉस्टिक सोड्यात शिजवले म्हणजे तंतूंना जखडणारे लिग्निन सुटते. धुऊन कुटले की लगदा तयार.

१९४० मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात हातकागद संस्था निघाली. तिथे सुती चिंध्यांचा कागद होतो. मग कापसाच्या काडीचा का होऊ नये?

अडचण रसायनाची नव्हे, वाहतुकीची आहे. पऱ्हाटी वजनाला हलकी, पण गाडी भरून टाकते. बल्लारपूरच्या गिरणीपर्यंत नेता भाडेच माल खाते. म्हणून तुकडे गावातच व्हावेत. मात्र ज्या माउलीची चूल या काडीवर पेटते, तिचा वाटा आधी काढावा; उरेल त्याचा कागद करावा.